रोजगार हमी कोणी मेहेरबानीनं दिली नाही
(पाड्यावरच्या बैठकीत केलेलं भाषण)



मागच्या सोमवारी आम्ही तेवीस जण कामाचा अर्ज घेऊन कचेरीत गेलो. साहेब बोलले, "काम निघालं की कळवू, जा." पोच दिली नाही. परत येताना आपलेच एक काका म्हणाले, सरकार देईल तेव्हा घ्यायचं. त्यावरच मला बोलायचं आहे.

72 चा दुष्काळ तुम्ही पाहिला. माझी आई खडी फोडायला होती, सुकडी खाऊन दिवस काढले. लाखो माणसं कामावर होती, पण ती गप बसली नाहीत. काम काढा, मजुरी वेळेवर द्या, म्हणून संप केले, मोर्चे काढले. शहाद्यात तेव्हाच श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग महाराज तर आपलेच. गेलेली जमीन, सालदाराची मजुरी, दुष्काळी काम, सगळ्यासाठी लोक लढले आणि बाया पुढं होत्या.

योजनेची कल्पना वि. स. पागे यांची, हे कबूल केलं पाहिजे. पण दुष्काळ सरला तरी काम बंद करू नका, हे मजुरांनी लावून धरलं. 1977 ला कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला.

कायदा म्हणतो, मागितल्यापासून 15 दिवसांत काम, नाहीतर भत्ता. त्या कायद्यात भत्ता रोजचा एक रुपया होता! त्यात काय होणार? पण तो द्यायचा म्हणजे काम दिलं नाही हे सरकारनं कबूल करायचं. दिवस मोजायचे अर्जाच्या तारखेपासून. म्हणून तर साहेब पोच देत नाही.

गावात काम असलं तर सालदारकी धरावी लागत नाही, ऊसतोडीला गुजरातेत जावं लागत नाही. माणूस आपल्या प्लॉटवर राहतो. प्लॉट मोकळा दिसला की फॉरेस्टवाले चर खणून झाडं लावतात. आणि ते चर खणायचं कामसुद्धा कधी कधी रोजगार हमीचंच असतं! आपल्याच हातानं आपली जमीन बुजवायची? असलं काम घ्यायचं नाही. बांधबंदिस्ती मागायची, पाझर तलाव मागायचा, रस्ता मागायचा.

नवं काम काढायला पूर्वी पन्नास मजूर लागायचे. तेवीसवर साहेबाला बहाणा मिळतो. येत्या सोमवारी शेजारच्या दोन पाड्यांनाही घेऊ. अर्ज दोन प्रतींत, सगळ्यांच्या सह्या-अंगठे आज रात्रीच घ्या. भाकरी बांधून या, पोच मिळेपर्यंत कचेरीसमोरून उठायचं नाही.