मिठाची कोठी

खाडीच्या काठी, भरतीचे पाणी पोहोचते तिथे जाड, रसरशीत पानांची बुटकी झुडपे वाढतात. सुएडा हे त्यांतल्या काहींचे शास्त्रीय नाव. त्यांचे पान जिभेला खारट लागते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. असे पाणी भाताच्या रोपाला घाला. ते मान टाकील. मग हे झुडूप तगते कसे?

तुम्ही म्हणाल, त्याचा पिंडच कणखर असेल. पण तसे नाही! 1972 साली ग्रीनवे व ऑझमंड यांनी अशा वनस्पतींतली विकरे, म्हणजे पेशीचा कारभार चालवणारी द्रव्ये, मिठाच्या पाण्यात तपासली. साध्या झाडांच्या विकरांइतकीच तीही मिठाने बिघडली. म्हणजे खुबी मीठ सोसण्यात नाही, ते योग्य जागी ठेवण्यात आहे.

ही जागा म्हणजे पेशीतली रिक्तिका. वाढलेल्या पेशीचा बहुतेक भाग तिनेच व्यापलेला असतो. पेशीचा कारभार तिच्या पडद्याबाहेर चालतो आणि सोडियम आत कोंडले जाते. आपण स्वयंपाकघरात मिठाची बरणी वेगळी ठेवतो, तसेच हे. पण आत आधीच मीठ दाटलेले. त्यात आणखी लोटायचे कसे? पडद्यावरचे पंप शक्ती खर्चून हायड्रोजनचे आयन आत भरतात. ते बाहेर पडू पाहतात, तेव्हा त्यांच्या बदल्यात सोडियम आत घेतले जाते. रहाटाचा एक पोहरा खाली जावा आणि दुसरा वर यावा, तशातला प्रकार!

कोठीतले मीठ वायाही जात नाही. त्याच्या जोरावरच झाड खाऱ्या मातीतून पाणी ओढते. मात्र कोठीने पेशीतलेच पाणी शोषू नये म्हणून पेशी बाहेरच्या भागात प्रोलीन, ग्लायसीन बीटेन अशी निरुपद्रवी द्रव्ये साठवते.

ही अदलाबदल 1985 साली ब्लूमवाल्ड व पूल यांनी बीटच्या कंदात दाखवली. आपल्या कोशिंबिरीतले बीट मूळचे समुद्रकाठचेच! पुढे 2001 साली हे दार वाढवलेली टोमॅटोची रोपे समुद्राच्या सुमारे एकतृतीयांश खाऱ्या पाण्यावर वाढली, फळली; मीठ पानांत राहिले, फळांत फारसे उतरले नाही.

मग सांगली-कोल्हापूरकडची क्षारपड रानेही अशाच रोपांनी सुधारतील काय? इथे जपून बोलावे. पंपाला लागणारी शक्ती झाडाच्या अन्नातूनच येते, ती वाढीतून वजा होते. कोठीलाही मर्यादा आहे. आणि मिठाने भरलेली पाने शेतातच गळली तर मीठ पुन्हा मातीतच! जादा पाण्याने जी जमीन बिघडली तिला आधी चर हवेत, निचरा हवा. झाड आपल्यापुरते मीठ कोंडते. शेतातले मीठ बाहेर काढणे हे शेतकऱ्याचे आणि आपल्या सर्वांचे काम आहे.