मातीच्या भिंतीला कोणता गिलावा?



धान, तूर, जवस यांबद्दल आपले नेहमीच बोलणे होते. आज घराच्या बाहेरच्या भिंतीबद्दल बोलायचे आहे. गोरेगाव तालुक्यात, किंबहुना साऱ्या गोंदिया-भंडारा पट्ट्यात, अजून कितीतरी मातीची घरे उभी आहेत. ज्यांना घरकुल मिळाले, त्यांतल्या पुष्कळांनी मागचे जुने घर पाडलेले नाही. चूल तिकडेच, धानाची कोठी तिकडेच, शेळ्याही तिकडेच. आणि पावसाळ्यात चार-सहा दिवसांची झड लागली, की कुठेतरी भिंत पडल्याची बातमी येते. भिंत बहुधा रात्री पडते आणि भिंतीलगतच खाट असते. म्हणून हा विषय घेतला.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. वडिलांनी बांधलेली दीड हात रुंदीची मातीची भिंत होती. आई आणि काकू दरवर्षी ती लिपून काढायच्या. पुढे मी नोकरीला लागलो, हातात दोन पैसे आले आणि वाटले, आईचा हा त्रास एकदाचा संपवावा. गवंडी बोलावला, भिंतीवर जाळी ठोकली आणि बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला. वरून चांगला तेलकट रंग दिला. घर पक्के दिसू लागले, शेजारीपाजारी बघून गेले. तिसऱ्या पावसाळ्यात, पोळ्याच्या आधी, मागची भिंत मध्यरात्री बसली. सकाळी पाहिले तर सिमेंटचा पापुद्रा बराचसा तसाच उभा आणि आतली माती चिखल होऊन पायाशी पडलेली! त्या खोलीत ढेपेची पोती होती, माणूस नव्हते. गवंड्याला मी दोष देत नाही. काम सांगणारा मीच होतो.

असे का झाले? मातीची भिंत पाणी पिते आणि ऊन पडले की ते सोडते. हे तिचे रोजचे चालू असते. सिमेंटचा थर कडक, माती नरम. उन्हाने-थंडीने दोघांचे फुगणे-आकसणे सारखे नसते, म्हणून गिलाव्याला केसासारख्या भेगा पडतात. त्या भेगेतून पाणी आत जाते, पण बाहेर यायला वाट राहत नाही. जमिनीतली ओलही खालून चढते आणि तीही तिथेच अडकते. वरून भिंत कोरडी दिसते, आत लोण्यासारखी मऊ होते. इंग्लंडमध्ये डेव्हन नावाचा परगणा आहे. तिथेही मातीची शेकडो वर्षांची जुनी घरे आहेत. गेल्या शतकात त्यांतल्या अनेक घरांना सिमेंटचा गिलावा दिला गेला आणि अशाच प्रकारे भिंती ढासळल्या. म्हणजे आपण एकटेच फसलो नाही.

आता कोणी म्हणेल, माती नकोच, दुसरीकडे लोक बांधतात तसे बांधू. पण प्रत्येक मुलखाची भिंत तिथल्या पावसाची असते. कोकणात आपल्या दुपटीहून अधिक पाऊस. तिथे जांभ्याचा चिरा मिळतो. खाणीतून काढताना तो मऊ असतो आणि वाऱ्यावर राहून घट्ट होतो. शिवाय झड लागणाऱ्या बाजूला तिथले लोक पावसाळ्यात माडाच्या झावळ्यांचे झाप बांधत आले आहेत. सोलापूर-मराठवाड्याकडे पाऊस आपल्या निम्म्याच्या आसपास, तिथे मातीचे धाबे चालते. पण त्या घरांनी ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात काय केले ते साऱ्यांना ठाऊक आहे. गोल दगड मातीत रचलेल्या जाड भिंती आणि डोक्यावर मातीचे जड धाबे! आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. आपल्याकडे १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, मे महिन्यात पारा ४५ च्या वर. इथे माती, बांबू आणि कवेलू हेच पिढ्यान्पिढ्या चालत आले. वर्ध्याजवळ सेवाग्रामला १९३६ मध्ये महात्मा गांधींसाठी बांधलेले आदिनिवास आणि तिथली बापू कुटी ही माती, बांबू आणि कवेलूंचीच. ती आजही उभी आहेत, कारण त्यांची निगा कधी थांबली नाही.

तेव्हा मातीच्या भिंतीला मातीचा किंवा चुन्याचाच गिलावा द्यावा. पण त्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात, नाही तर कोणताही गिलावा टिकणार नाही.

पहिली, छपराची पाख. ती भिंतीच्या बाहेर निदान दोन फूट आली पाहिजे. फुटकी आणि सरकलेली कवेलू रोहिणीच्या आधी फेरावीत. एका फुटक्या कवेलूने भिंतीचा माथा भिजतो, आणि माथ्यातून शिरलेले पाणी सर्वांत वाईट.

दुसरी, भिंतीचा पाय. पाखेवरून पडणारे पाणी जमिनीवर आपटून उडते आणि भिंतीचा खालचा फूट-दीड फूट खाऊन टाकते. भिंत मधूनच उंदराने कुरतडल्यासारखी दिसू लागते ती यामुळे. जोते दगडाचे किंवा भाजलेल्या विटांचे, दीड फूट उंच असावे. भिंतीलगत दोन-अडीच फूट रुंदीचा मुरूम ठोकून त्याला बाहेरच्या बाजूने उतार द्यावा आणि पुढे नाली काढावी. न्हाणीचे पाणी भिंतीच्या बुडाशी मुरत असेल तर आधी ते थांबवा. त्याला पैसा लागत नाही, कुदळ लागते.

आता गिलावा. नुसती कन्हार माती वापराल तर ती वाळताना तडकेल. फार रेताड माती घ्याल तर ती पहिल्या पावसात धुपेल. म्हणून मिसळून पाहावे. काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा माती घ्या, पाणी भरा, जोराने हलवा आणि रात्रभर ठेवा. रेती खाली बसते, गाळ मधे आणि चिकण वर. मग वेगवेगळ्या मिसळणीच्या वीतभर चकत्या भिंतीवर थापून आठ दिवस पाहा. जी तडकत नाही आणि नखाने खरवडली तरी सुटत नाही, ती आपली माती. पुस्तकातले प्रमाण सांगून उपयोग नाही, एकाच गावात दोन बांध्यांची माती वेगळी असते.

तिच्यात धानाची तणीस दोन-दोन बोटांची कापून घालावी, पायाने तुडवावी आणि आठवडाभर ओली ठेवून कुजू द्यावी. वास येईल, येऊ द्या. त्या कुजण्याने माती चिकट होते. मग भिंत ओली करून दोन थर द्यावेत, पहिला पुरता वाळल्यावर दुसरा. त्यावर शेणमातीचे लिपण.

ज्या भिंतीला झड लागते, ती कोणती हे घरच्या बाईला विचारा, ती बरोबर सांगेल. तेवढ्या एका भिंतीसाठी डांबराचा गिलावा करता येतो. मातीच्या घरांसाठी १९९३ मध्ये निघालेल्या भारतीय मानकात त्याची कृती दिली आहे. ८०/१०० प्रतीचे डांबर (आता ते व्हीजी-१० नावाने मिळते) दीड किलो घेऊन त्यात १५ ग्रॅम मेण वितळवावे. वेगळ्या भांड्यात ३०० मिलिलिटर रॉकेल घ्यावे आणि त्यात ते गरम डांबर हळूहळू ओतत सारखे ढवळावे. हे मिश्रण ३० लिटर, म्हणजे साधारण दोन बादल्या, तयार मातीला पुरते. रॉकेलचे भांडे चुलीपासून लांब ठेवा. रॉकेल चुलीवर कधीच ठेवू नका आणि मुलांना जवळ फिरकू देऊ नका. आतल्या बाजूला मात्र हा गिलावा लावू नये, भिंतीला एक बाजू तरी मोकळी हवी.

चुना परवडत असेल तर तो सर्वांत बरा. विरवलेला चुना निदान पंधरा दिवस पाण्याखाली ठेवावा, मग पातळ करून तीन-चार हात द्यावेत. एकच जाड हात दिला तर पोपडे धरतो. विरवताना चुना उकळतो आणि उडतो, तेव्हा डोळे सांभाळावेत. डबाबंद प्लास्टिक रंग मातीच्या भिंतीला नको. तो सिमेंटसारखाच ओल कोंडतो.

ज्यांच्या भिंतीला सिमेंट आधीच लागले आहे, त्यांनी बोटाच्या पेराने ठिकठिकाणी वाजवून पाहावे. पोकळ आवाज आला तिथे गिलावा सुटलेला आहे. असा गिलावा फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरवावा. भिंतीला उन्हाळाभर वाळू द्यावे आणि मगच मातीचा हात द्यावा. मृगाच्या तोंडावर हे काम काढू नये.

नवीन घर पक्क्या विटांचे बांधणारांसाठी थोडेच सांगतो, कारण तिथे सिमेंटचा गिलावा चालतोच. तिरोड्याला कोळशावर चालणारे वीज केंद्र आहे. अशा केंद्रांतून निघणाऱ्या राखेच्या विटा आता बाजारात येतात. वीट राखेची असो की मातीची, घेण्याआधी एक वीट कोरडी तोलावी, २४ तास पाण्यात बुडवावी आणि पुन्हा तोलावी. ३ किलोची वीट ३ किलो ६०० ग्रॅमच्या वर गेली तर ती घेऊ नये. गिलाव्याला निदान सात दिवस पाणी मारावे आणि खिडकीवरच्या छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तुटायला खाच ठेवायला गवंड्याला सांगावे. तो विसरतो.

आणि पावसाळ्यात झड चालू असताना भिंतीला उभी चीर दिसली, पोट पुढे आले, बुडाची माती हाताला मऊ लागली किंवा दार अचानक अडकू लागले, तर त्या रात्री त्या खोलीत झोपू नका. खाट आणि जनावरे दुसरीकडे हलवा. बाहेरून टेकू लावायचा तर तो दिवसा लावा, पावसात अंधारात भिंतीखाली जाऊ नका. भिंत पडलीच तर ढिगारा उचलण्याआधी तलाठ्याला कळवून पंचनामा करून घ्या.

यंदाची कापणी-मळणी झाली की तणीस घरी येईलच. ती बैलांसाठी रचताना चार पेंढ्या भिंतीसाठी वेगळ्या काढून ठेवा. माती पाहून ठेवा आणि चकत्या थापायला लागा. राम राम.