आंब्याला कलम, माडाला का नाही?



गोव्यातील कोणत्याही भाटात आंबा आणि माड शेजारी-शेजारी उभे असलेले दिसतात. भाटकाराला मनाजोगता मानकुराद लाभला, तर त्याच्या काड्या घेऊन हवी तितकी कलमे बांधता येतात आणि प्रत्येक कलम मूळ झाडाचेच फळ देते. वर्षभर पेंडींनी लगडणाऱ्या माडाबाबत ही सोय नाही. नारळ रुजत घालावा आणि उगवेल तो माड आपला म्हणावा! असे का, म्हणून विचारले तर ‘माडाची जातच तशी’ एवढेच उत्तर बहुधा मिळते. खरे उत्तर दोघांच्या खोडांच्या आत दडलेले आहे.

आंबा हा द्विदलिकित वृक्ष. त्याची कोवळी डहाळी धारदार पात्याने आडवी कापून पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा. सर्वांत बाहेर अपित्वचा, तिच्या आत मध्यत्वचा, त्याहून आत वाहक वृंदांचे एक सुबक वर्तुळ आणि केंद्रस्थानी मऊ भेंड, अशी रचना दिसते. प्रत्येक वृंदात आतल्या अंगास प्रकाष्ठ असते. मुळांनी शोषलेले पाणी त्यातून वर चढते. बाहेरच्या अंगास परिकाष्ठ असते. पानांत सिद्ध झालेला अन्नरस त्यातून सर्वत्र पोचतो. या दोहोंच्या मध्ये ऊतककर नावाचा अत्यंत पातळ थर असतो. नाव बोजड आणि रूप नगण्य, परंतु झाडाची सारी कर्तबगारी त्याचीच. तो आतल्या बाजूस नवे प्रकाष्ठ आणि बाहेरच्या बाजूस नवे परिकाष्ठ घालीत राहतो. पुढे वृंदांच्या मधल्या जागेतही तो निर्माण होतो, त्याचे अखंड कडे बनते आणि खोड वर्षानुवर्षे जाड होत जाते. आपण ज्याला लाकूड म्हणतो ते म्हणजे साठत गेलेले प्रकाष्ठच. सागाच्या ओंडक्यावरील वलये ही त्या साठवणीची नोंदवही होय.

कलम बांधणाऱ्या माळ्याचा चाकू नेमका हाच थर शोधीत असतो, मग त्याला त्याचे नाव ठाऊक असो वा नसो. खुंटाचा आणि काडीचा ऊतककर एकमेकांस भिडला, की जखमेत नव्या पेशी भरून येतात, दोन्ही थर सांधले जातात आणि खालचे पाणी वरच्या काडीत शिरते. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात रुजलेली भेट कलमाची कला काय किंवा अलीकडचे कोय कलम काय, दोहोंचा आधार एकच.

झाड मारण्याची युक्तीही येथेच सापडते. सतराव्या शतकात मार्चेल्लो माल्पिगी या इटालियन शास्त्रज्ञाने खोडावरील सालीचे कडे काढून पाहिले, तेव्हा कड्याच्या वरचा भाग फुगला. सालीबरोबर परिकाष्ठ गेले, की खाली उतरणारा अन्नरस अडतो. मुळे उपाशी पडतात आणि कालांतराने सारा वृक्ष वाळतो. रस्त्याकडेच्या झाडांना फलक बांधताना तार करकचून आवळणाऱ्यांनी एवढे तरी जाणून घ्यावे.

आता माड. हा एकदलिकित. त्याच्या खोडाच्या छेदात वर्तुळ नाही. असंख्य वाहक वृंद सर्वत्र विखुरलेले असतात, कडेला दाट आणि मध्यभागी विरळ. म्हणूनच माडाचे लाकूड बाहेरून कणखर आणि आत भुसभुशीत असते. या वृंदांत ऊतककर नसतो, त्यामुळे सांधायला काही उरतच नाही. माड आधी काही वर्षे जमिनीलगत आपला बुंधा रुंद करतो आणि मग उंच वाढू लागतो. आंब्याप्रमाणे वलयावर वलय चढवीत तो जाड होत नाही. रेंदेराने चढण्यासाठी पाडलेल्या खाचा माडाच्या अंगावर जन्मभर राहतात, कारण त्या बुजविणारा थरच त्याच्यापाशी नाही.

या उणिवेची भरपाईही आहे. सालीचे कडे काढल्याने माड मरत नाही, कारण त्याच्या वाहिन्या खोडभर पसरलेल्या असतात. बुंध्यातील अनेक पेशी तर झाडाइतक्याच वृद्ध आणि तरीही जिवंत असतात. खरा धोका शेंड्याला! तेथील एकुलता एक कोंब गेंड्या भुंग्याने किंवा सोंड्या भुंग्याने पोखरून मारला, की फांदी फुटून सावरण्याची आशा नसते.

अशा माडाला वृक्ष म्हणावे काय, हा प्रश्न गोव्यात विधानसभेपर्यंत गेला. २०१६ साली वृक्षसंरक्षण कायद्याच्या व्याख्येतून माड वगळण्यात आला. लोकांचा रोष झाला, आणि २०१७ साली त्याला पुन्हा स्थान मिळाले, शिवाय राज्यवृक्षाचा मानही. ऊतककर नाही हे वनस्पतिशास्त्राचे म्हणणे खरे. पण तोडीला परवानगी लागावी की नाही, याचा निर्णय सूक्ष्मदर्शकाने करावयाचा नसतो.

कलम नाही म्हणून सुधारणा थांबली, असेही नाही. १९३२ साली केरळातील नीलेश्वर येथे उंच आणि ठेंगू माडांचा संकर साधला गेला. आपल्याकडील बाणवलीचे बागाईतदार मात्र अजून मातृवृक्षाच्या निवडीवर भिस्त ठेवतात. नियमित धरणारा, प्रौढ माड हेरावा, अकरा-बारा महिन्यांचे पक्व नारळ उतरवून रुजत घालावेत आणि वर्षाच्या आत रोपे निवडताना उंचीपेक्षा बुंध्याची जाडी पाहावी.