छप्पर कोणत्या नात्याने?

(सोलापूर येथे तरुण उपासक-उपासिकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सरकारने बांधलेल्या घरात ज्यांचे बालपण जाते, त्यांच्या पुढील आयुष्यावर त्या घराचा कोणता परिणाम राहतो, हा आजचा विषय आहे. घर म्हणजे चार भिंती आणि वर छप्पर, एवढाच विचार केला तर हा विषय गवंड्यांचा व इंजिनियरांचा ठरेल. आपणांस वेगळाच प्रश्न विचारावयाचा आहे. ते छप्पर मुलाला कोणत्या नात्याने मिळाले? जातीच्या नात्याने, बापाच्या धंद्याच्या नात्याने, की नागरिकाच्या नात्याने? मुलाचे भवितव्य पुष्कळ अंशी या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते, असे माझे म्हणणे आहे. ते तपासून पाहण्यास सोलापूर हे अत्यंत योग्य शहर आहे.

इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो मुंबई इलाख्यात लागू झाला आणि गिरण्यांच्या या शहरात सेटलमेंट वसली. भोवती तारेचे कुंपण, माणसांची हजेरी आणि बाहेर जावयाचे तर परवाना, असा तेथील कारभार होता. आतील माणसे गिरण्यांत राबत. त्या तारेच्या आत जन्मलेल्या मुलाने कोणताही गुन्हा केलेला नव्हता. परंतु त्याचा पत्ता हाच त्याच्यावरील आरोप होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशातून गेला आणि ही माणसे 'विमुक्त' म्हणविली जाऊ लागली. तथापि सोलापुरात त्या वस्तीला सेटलमेंट म्हणण्याची रीत अद्याप मोडलेली नाही. कुंपण एका दिवसात तोडता येते. पत्त्याला चिकटलेला संशय तोडावयास पिढ्या लागतात.

त्याच काळात याच शहरात दुसरे एक छप्पर उभे राहिले. बाबासाहेबांनी जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि १९२५ च्या जानेवारीत सभेने अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी सोलापुरास वसतिगृह उघडले. सोलापूरच्या नगरपालिकेने त्यास दरमहा ४० रुपयांचे साहाय्य दिले. रक्कम लहान होती, परंतु तिचा अर्थ मोठा होता. सार्वजनिक पैसा येथे आमच्या मुलाच्या पहाऱ्यावर खर्च न होता त्याच्या अभ्यासावर खर्च होत होता. सेटलमेंट आणि वसतिगृह ही दोन्ही छपरे एकाच शहरातील. परंतु एकाने मुलाला त्याच्या जन्माशी जखडले आणि दुसऱ्याने त्याला जन्माच्या पलीकडे जाण्यास वाट दिली.

बाबासाहेबांचे स्वतःचे चरित्र या दृष्टीने वाचा. लोअर परळच्या डबक चाळीत सुभेदार रामजींचे बिऱ्हाड एका खोलीत होते. दिवसा व संध्याकाळी तेथे अभ्यास करणे अशक्य. म्हणून मुलाने लवकर निजावे व वडिलांनी त्याला रात्री दोन वाजता उठवावे, असा क्रम होता. पुढे १९१२ च्या सुमारास हे कुटुंब परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहावयास गेले. प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेला हा ट्रस्ट सरकारी कायद्याने निर्माण केलेला होता. तेथील साध्या खोल्यांत हा संसार सुमारे १९३४ पर्यंत, राजगृहात जाईपर्यंत, राहिला. महाडचा सत्याग्रह आणि गोलमेज परिषदा याच काळातील आहेत. आता याच्या शेजारी बडोद्याचा १९१७ चा प्रसंग ठेवा. परदेशातून विद्या संपादन करून आलेल्या बाबासाहेबांना त्या शहरात भाड्याने घर मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले आणि अखेरीस लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना तेथून घालविले. संस्थानकडे त्यांनी सरकारी बंगला मागितला होता. तो वेळेवर मिळाला असता तर त्यांना रस्त्यावर यावे लागले नसते. खाजगी मालक जात विचारतो. सार्वजनिक घराला ती विचारण्याचा अधिकार नसतो.

वाचकहो, हे शतकापूर्वीचे झाले असे म्हणू नका. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, सभासदत्व एकाच समाजापुरते ठेवणारा सोसायटीचा पोटनियम वैध आहे. संविधानाच्या १५ व्या कलमाचे पहिले बंधन राज्यसंस्थेवर आहे, खाजगी मंडळावर नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. उलट चमेली सिंग खटल्यात (१९९६) अनुसूचित जातींच्या घरांसाठी घेतलेल्या जमिनीबद्दल मालकांनी तक्रार केली असता त्याच न्यायालयाने निवाऱ्याचा हक्क हा जगण्याच्या हक्कात अंतर्भूत मानला आणि जमीन घेणे उचित ठरविले. या दोन निकालांचा आमच्यापुरता अर्थ असा की, ज्याला बाजारात जात पाहून दार बंद होते, त्याच्यासाठी सरकारी घर ही कृपा नसून समतेच्या कलमाचे प्रत्यक्ष रूप आहे.

परंतु सरकारी घरही बंधन होऊ शकते. मी सफाई कामगारांच्या वसाहतीत वाढलो. गाव कोणते, यास महत्त्व नाही, कारण हा नियम अनेक गावी होता व आहे. खोली बापाच्या नोकरीला बांधलेली. बाप निवृत्त झाला की खोली सोडावयाची. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसास त्याच्या जागी नेमणूक मिळते. ही तरतूद सद्हेतूने केली, हे मी मान्य करतो. तथापि खोली वाचवावयाची तर घरातील एकाने झाडू उचललाच पाहिजे, असा तिचा व्यवहारातील अर्थ झाला. माझ्या सोबत्यांपैकी कितीतरी हुशार मुलांनी पुस्तके मिटली ती बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे. आईला रस्त्यावर आणावयाचे नव्हते म्हणून. चातुर्वर्ण्याने जे काम धर्माच्या नावाने केले, तेच काम येथे खोलीची किल्ली करीत होती. याच वसाहतीने मला शेजार, वाचनाची गोडी आणि भीमजयंतीचा अभिमान दिला, हेही मी विसरत नाही. म्हणूनच माझी मागणी वसाहती मोडण्याची नाही. किल्ली आणि झाडू यांची गाठ सोडण्याची आहे. सफाई कामगारांना मालकी हक्काची घरे देणारी श्रमसाफल्य योजना बाबासाहेबांच्याच नावाने आहे. ती आपल्या गावी किती जणांपर्यंत पोचली, हा हिशेब प्रत्येक तरुणाने मागितला पाहिजे.

मालकीचे घर मिळू शकते, हेही सोलापूरनेच दाखविले आहे. कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांनी संघटनेच्या बळावर १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत मिळविली. ती २००६ मध्ये पुरी झाली. त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचे रे नगर उभे करण्याचे ठरले आणि त्यातील पहिली १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी देण्यात आली. ही घरे कोणा एका जातीची नाहीत, कोणा एका मालकाच्या नोकरीशी बांधलेली नाहीत. अशा घरात आज खेळणारे मूल बापाच्या निवृत्तीचे वर्ष मोजीत बसणार नाही.

सबब, माझे सांगणे थोडके आहे. जेथे घर मिळेल तेथे ताब्याचा कागद नीट वाचा आणि त्यावर घरातील स्त्रीचे नाव आहे की नाही ते पाहा. इमारतींचे वाटप जातवार होऊ देऊ नका. आपली माणसे एकत्र राहतील या मोहानेही होऊ देऊ नका, कारण वेगळी रांग ही उद्याची वेगळी वेस असते. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला आहे. ज्या वस्तीची पाटी अद्याप बदललेली नाही, तेथे अर्ज करा. आणि प्रत्येक वसाहतीत मुलांच्या अभ्यासासाठी एक खोली मागा, म्हणजे कोणत्याही मुलाला रात्री दोनची वाट पाहावी लागणार नाही.

भगवान बुद्धांनी राजगृहाचा सफाई करणारा सुनीत याला संघात घेतले, तेव्हा त्याला विहाराबाहेर निराळी झोपडी बांधून दिली नाही. संघाच्या त्याच छपराखाली त्याला जागा दिली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपण जो धम्म स्वीकारला, त्याची घरांच्या बाबतीतील शिकवण हीच आहे.

जय भीम!