माशाच्या अंगांतील जागले



नदींत मासे मेले कीं आपण म्हणतों, देवीचा कोप झाला. कोणी नवस बोलतो, कोणी शांति करवून दक्षिणा देतो. पाणी मात्र जसेंच्या तसें राहतें. आम्ही आज सांगणार तें असें कीं, मासा मरण्याच्या पुष्कळ आधीं त्याचें शरीर पाण्याबद्दल साक्ष देत असतें.

आपल्याप्रमाणें माशाच्याहि अंगांत रोगजंतु गिळणाऱ्या पेशी असतात. अशा पेशींचें काम मेच्निकॉफ या शास्त्रज्ञानें १८८२ सालीं इटलींतील मेसिना येथें तारामाशाच्या पिलांत पाहिलें. पुढें १९०८ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. या पेशी म्हणजे गांवचे जागलेच. चोराचा माग काढावा व त्याला धरावें, हीं त्यांचीं कामें. पण जागल्यालाच कोणी विष घातलें तर?

अमेरिकेंत व्हर्जिनिया प्रांतांत एलिझाबेथ नदी आहे. तिच्या कांठीं लांकडाला डांबरी तेल पाजण्याचे कारखाने होते. तें तेल नदीच्या गाळांत मुरलें. १९८४ च्या सुमारास शास्त्रज्ञांनीं तेथील माशांच्या मूत्रपिंडांतून या पेशी काढून तपासल्या. स्वच्छ नदीच्या माशांपेक्षां त्यांची गिळण्याची शक्ति कमी भरली. मग त्या नदीचे मासे कांहीं आठवडे स्वच्छ पाण्यांत ठेवले, तेव्हां ती शक्ति परत आली. दोष माशाच्या नशिबांत नव्हता, पाण्यांत होता!

दुसरी खूण पांथरींत व मूत्रपिंडांत दिसते. तेथें या पेशींचे काळसर-पिवळे पुंजके सांचतात. घाण पाण्यांत ते बहुधा वाढतात. परंतु वय, उपासमार व रोग यांनींहि ते वाढतात. म्हणून एका माशावरून निकाल देऊं नये. स्वच्छ पाण्यांतल्या, त्याच जातीच्या व वयाच्या माशांशीं ताडून पाहावें.

हें काम सूक्ष्मदर्शकाचें. घरीं होणारें नव्हे. पण मागणी करणें आपल्या हातीं आहे. १९७४ च्या जलप्रदूषणाच्या कायद्यानें कारखान्याच्या सांडपाण्याचे नमुने घेण्याचा अधिकार राज्याच्या मंडळाला दिला आहे. मासे मेले तर दिवस, वेळ, जागा लिहून गांवच्या सह्यांनिशीं अर्ज करा. तो अर्ज दुसऱ्याच्या दारीं जाऊन लिहवून घ्यावा लागूं नये, म्हणून मुलाबरोबर मुलीलाहि शाळेंत पाठवा. कोळी, भोई, शेतकरी सारे त्याच पाण्यावर जगतात. माशाचा जागल्या दुबळा झाला, तर आपण तरी जागें व्हावें, एवढीच आमची विनंति.