गल्ल्यावरून औषधाच्या कपाटाकडे

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



चिटणिसांनी आम्हांस जो विषय दिला तो 'व्यवसाय-मार्गदर्शन' असा मोघम होता. मोघम विषयावर मोघम बोलणे सोपे असते आणि टाळ्याही पडतात. परंतु मंडळाच्या विद्यार्थी साहाय्यक निधीकडे येणारे अर्ज चाळताना एक गोष्ट आमच्या नजरेस आली, आणि आज तिच्यापुरतेच बोलावे असे आम्ही ठरविले. आपल्यातील पुष्कळ तरुण किराणा, कापड किंवा भांड्यांच्या दुकानांत, तर कोणी शहरातील मोठ्या मॉलमध्ये पगारी विक्रेते आहेत. काही जण औषधांच्या दुकानांत मदतनीस आहेत. यांपैकी अनेकांस औषधाच्या व्यवसायात कायमचे पाऊल रोवावयाचे आहे. वाट मात्र त्यांस कोणी नीट सांगत नाही, आणि जे सांगावयास पुढे येतात त्यांतील काहींचा हेतू शुद्ध नसतो.

या विषयावर बोलण्याचा अधिकार आम्हांस कितपत आहे, असे कोणी विचारील. आम्ही स्वतः सहा वर्षे किराणा दुकानाच्या गल्ल्यावर काढली, त्यानंतर औषधनिर्माणशास्त्राची पदविका घेतली, आणि आता तालुक्याच्या गावी औषधाचे लहानसे दुकान चालवितो. अधिकार एवढाच.

प्रथम कायद्याचे पाहू. औषधाच्या दुकानात दहा वर्षे काम केलेला मुलगा कोणती गोळी कोणत्या खणात आहे हे डोळे मिटून सांगतो. डॉक्टरांचे दुर्बोध अक्षर तो मालकापेक्षा लवकर वाचतो. तरीही १९४८ च्या फार्मसी कायद्याचे ४२ वे कलम म्हणते की, वैद्याच्या चिठ्ठीवरचे औषध सिद्ध करण्याचा, मिसळण्याचा व देण्याचा अधिकार नोंदणीकृत औषधनिर्मात्याचा, म्हणजे ज्यास आपण फार्मासिस्ट म्हणतो त्याचाच आहे. अनुभव हा या कलमापुढे पुरावा होत नाही.

येथे वडीलधारी मंडळी आम्हांस अडवितात. 'अहो, पूर्वी कंपाउंडर लोक कोठे शिकले होते? हाताखाली राहून तयार झाले!' त्यांचे म्हणणे खरे आहे. १९३० साली सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली, तेव्हा या देशात औषध देणाऱ्याच्या शिक्षणाची बांधीव व्यवस्था जवळजवळ नव्हतीच. पुढे १९४८ चा कायदा झाला तेव्हा कायदा करणाऱ्यांनी जुन्या माणसांस वाऱ्यावर सोडले नाही. पहिल्या नोंदवहीत नाव दाखल करण्यासाठी, औषधे सिद्ध करण्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव हीदेखील एक पात्रता त्यांनी मानली. मात्र ते दार पहिल्या नोंदवहीपुरतेच उघडले होते. ती पुरी झाली आणि ते मिटले. आजोबा त्या दारातून आत गेले म्हणून नातवाने त्याच भिंतीवर डोके आपटण्यात अर्थ नाही.

परदेशी गेलेल्या आपल्या काही कुटुंबांतून पत्रे येतात की, तिकडे दुकानात रोखपाल म्हणून लागलेला मुलगा 'फार्मसी टेक्निशियन' झाला. अमेरिकेत औषधनिर्मात्याच्या हाताखालचा हा एक मान्य दर्जा आहे आणि त्याच्या परीक्षेसाठी १९९५ पासून राष्ट्रीय प्रमाणन मंडळ आहे. इंग्लंडात तर १ जुलै २०११ पासून अशा सहायकांस नोंदणी सक्तीची झाली. आपल्याकडील कायद्यात मदतनीस आणि औषधनिर्माता यांच्यामध्ये अशी पायरी नाही. एका बाजूस नुसता नोकर आणि दुसऱ्या बाजूस नोंदणीकृत माणूस, आणि मधे एकदम दोन वर्षांच्या पदविकेचा ओढा. ही पायरी नसणे हा आमच्या मते आपल्या व्यवस्थेतील उणेपणाच आहे. पण उणेपणाविषयी तक्रार करीत बसण्यापेक्षा ओढा ओलांडणे बरे.

आता ज्यात आमचा जीव रमतो त्या भागाकडे येऊ. दुकानात वाढलेला मुलगा या व्यवसायात काय घेऊन येतो आणि त्याला काय टाकून द्यावे लागते?

घेऊन येतो ते थोडे नव्हे. जुना माल पुढे व नवा मागे ही किराण्याची शिस्त औषधाच्या कपाटातही चालते. फरक एवढाच की येथे माल केव्हा आला हे न पाहता त्याची मुदत केव्हा संपते हे पाहावयाचे. काल आलेल्या खोक्याची मुदत परवा आलेल्याच्या आधी संपत असेल तर कालचेच आधी गेले पाहिजे. खतावणीची सवय येथे उपयोगी पडते. ३० ऑगस्ट २०१३ च्या अधिसूचनेने 'एच-१' ही नवी अनुसूची आली व १ मार्च २०१४ पासून अमलात आली. तीत काही प्रभावी प्रतिजैविके, क्षयावरील औषधे आणि सवय लावणारी काही औषधे आहेत. यांची विक्री वेगळ्या वहीत, वैद्याचे नाव-पत्ता, रोग्याचे नाव, औषध व त्याचे परिमाण यांसह लिहावी लागते आणि ती वही तीन वर्षे जपावी लागते. ज्याने उधारीची वही नेमाने लिहिली आहे त्याला यात जड काहीच नाही.

त्रैराशिकाचे तर विचारूच नका. लहान मुलांच्या तापावरचे पॅरासिटामॉल घ्या. एका बाटलीत ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम औषध असते, दुसरीत तेवढ्याच द्रवात २५०, आणि तान्ह्या मुलांसाठी थेंबांची जी इवलीशी बाटली मिळते तीत एकेका मिलिलिटरमध्येच १००. आता घरातील कोणी थेंबांचे औषध ५ मिलिलिटरच्या चमच्याने पाजले तर बाळाच्या पोटात एकदम ५०० मिलिग्रॅम गेले! बाटली लहान म्हणजे औषध सौम्य, अशी आपल्या घराघरांतली समजूत आहे. शेर-छटाकाचा हिशेब करणाऱ्या घरातील मुलाला हा फरक एकदा दाखविला की तो जन्मभर विसरत नाही. पुस्तकी विद्यार्थ्याला तो परीक्षेपुरता आठवतो, असे आम्ही म्हटल्यास पुस्तकी विद्यार्थ्यांनी रागावू नये.

टाकून द्यावयाचे ते मात्र कठीण आहे. किराणा दुकानात गिऱ्हाईक मागेल ते देणे हा धर्म. तेथे 'नाही' म्हणणारा नोकर मालकास नको असतो. औषधाच्या दुकानात 'नाही' म्हणता येणे हेच पहिले शिक्षण होय. शेजारणीला ज्या गोळीने गुण आला तीच मला द्या, मागच्या वर्षीच्या चिठ्ठीवर पुन्हा द्या, पूर्ण पट्टी नको, दोनच प्रतिजैविके द्या — हे दिवसातून दहा वेळा ऐकावे लागते. आणि सर्वांत अवघड प्रसंग येतो तो आपल्याच ज्ञातीतील वडीलधाऱ्यांकडून! 'अरे, मी तुझ्या बापाचा मित्र, झोपेच्या चार गोळ्या द्यायला तुला चिठ्ठी लागते काय?' होय काका, लागते. त्या गोळ्यांसाठी आपल्यासही लागते आणि अध्यक्षमहाराजांसही लागते.

गिऱ्हाइकाशी बोलण्याची आपली हातोटी मात्र टाकावयाची नाही. तिचे तोंड फिरवावयाचे आहे. कापड खपविण्यासाठी जी जीभ वापरली ती आता समजावून सांगण्यासाठी वापरावयाची. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी रोग्यास औषधासंबंधी समजावणे हे औषधनिर्मात्याचे कर्तव्यच ठरविले आहे. याचे महत्त्व एका उदाहरणाने सांगतो. सांधेदुखीच्या काही प्रकारांत मेथोट्रेक्झेट नावाची गोळी देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. इतर गोळ्यांच्या सवयीने ती रोज घेतली गेल्यामुळे रोगी दगावल्याच्या नोंदी अनेक देशांतील वैद्यकीय वाङ्मयात आहेत. काउंटरवरच्या माणसाने 'आजी, ही सोमवारी एकच, मग पुढच्या सोमवारी' एवढे म्हटले, पाकिटावर वार लिहून दिला आणि आजीकडून ते एकदा वदवून घेतले, तर एक जीव वाचू शकतो. असे बोलण्यास पदवीपेक्षा माणसात वावरण्याची सवय लागते, आणि ती आपल्या मुलांना दुकानानेच दिलेली असते.

तीच गोष्ट शीतकपाटाची. इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. बर्फाच्या कप्प्यात गोठले तर पुन्हा वितळवूनही ते वापरण्याजोगे राहत नाही. तुपाचा डबा थिजला तर उन्हात ठेवावा, हे दुकानी शहाणपण येथे चालत नाही.

असो. आता एका अप्रिय गोष्टीकडे वळणे भाग आहे. मघाशी ज्यांचा हेतू शुद्ध नसतो असे म्हटले, ते दोन प्रकारचे सौदे घेऊन येतात. पहिला सौदा: घरबसल्या पदविका. कोठल्या तरी दूरच्या संस्थेचे नाव सांगून, वर्गात न बसता कागद मिळवून देतो असे म्हणणारा दलाल. बंधूंनो, ही पदविका पूर्णवेळ आहे. प्रत्येक विषयास ७५ टक्के उपस्थिती लागते. पत्रद्वारे मिळालेल्या कागदावर राज्य फार्मसी परिषद नोंदणी करीत नाही. पैसे गेले, वर्षे गेली, आणि वर फसवणुकीच्या चौकशीत नाव!

दुसरा सौदा अधिक प्रतिष्ठित दिसतो म्हणून अधिक घातक. पदविका झालेल्या मुलाने आपले प्रमाणपत्र कोणा दुकानदारास भाड्याने द्यावे, ते त्याने भिंतीवर चौकटीत टांगावे, आणि औषधे मात्र मदतनिसाने द्यावी. आमच्या माहितीतील एका तरुणाने अशा दुकानात नऊ वर्षे काढली. भिंतीवरच्या चौकटीतील गृहस्थ दुसऱ्या जिल्ह्यात वेगळीच नोकरी करीत होते. औषध निरीक्षकांची भेट झाली, परवाना निलंबित झाला, मालकाने पुढे दुसऱ्या नावाने दुकान उघडले, आणि हा तरुण तेवढा रिकाम्या हातांनी घरी आला. नऊ वर्षांचा एकही कागद त्याच्यापाशी नव्हता. भाड्याने नाव देणाऱ्यासही सांगून ठेवतो की, याच कायद्याच्या ३६ व्या कलमाखाली नोंदवहीतून नाव काढून टाकता येते. महिन्याच्या महिन्याला मिळणाऱ्या चार पैशांसाठी दोन वर्षांचे शिक्षण गहाण टाकणे हा कोणत्याही हिशेबाने वाईट व्यापार आहे, आणि आपण तर हिशेबी लोक म्हणवितो.

सरळ वाट अशी. बारावी विज्ञान शाखेतून, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र किंवा गणित घेऊन उत्तीर्ण व्हावे लागते. महाराष्ट्रात पदविकेचा प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो, परीक्षा राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेते. दोन वर्षांच्या अभ्यासात औषधनिर्माण, रसायन, शरीररचना, औषधांचे गुणधर्म, रोगोपचार, कायदा व नीती असे विषय येतात. शिवाय दुकान चालविण्याचा एक विषय आहे, त्यात आपला मुलगा गुरुजींस दोन गोष्टी शिकवील. जोडीस ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण. मग राज्य परिषदेकडे नोंदणी. २०२२ च्या नियमांनी पदविकेनंतर एक निर्गम परीक्षाही घातली आहे; आपल्या वर्षास ती कशी लागू होते हे प्रवेशाच्या वेळीच परिषदेकडे विचारून घ्यावे. पुढे इच्छा असेल त्यास पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाची सोय आहे.

पालकांनी येथे विशेष लक्ष द्यावे. 'दुकानच चालवायचे आहे ना, मग वाणिज्य घे' असे म्हणून आपण दहावीनंतर मुलांस वाणिज्य शाखेत घालतो, आणि चोविसाव्या वर्षी त्याच मुलाला औषधाचे दुकान काढावेसे वाटते तेव्हा ती शाखा आडवी येते. त्याला पुन्हा विज्ञानाची बारावी करावी लागते. ज्यांना ते शक्यच नाही त्यांच्यासाठी घाऊक विक्रीची वाट आहे. औषध नियमांतील ६४ व्या नियमाने घाऊक परवान्यासाठी, औषधविक्रीचा चार वर्षांचा अनुभव असलेला मॅट्रिक किंवा एक वर्षाचा अनुभव असलेला पदवीधर पात्र मानला आहे. म्हणून औषधाच्या दुकानातील प्रत्येक मदतनिसाने नेमणूकपत्र आणि पगाराच्या पावत्या जपून ठेवाव्यात. वर सांगितलेल्या तरुणाजवळ त्या असत्या तर त्याची कथा निराळी झाली असती.

राहता राहिला पैशाचा प्रश्न, आणि त्यासाठीच आम्ही आज उभे राहिलो. आपला निधी शुल्क भरतो, पुस्तके देतो. हे उत्तमच आहे. पण अठरा वर्षांच्या मुलाची आणि सव्वीस वर्षांच्या विक्रेत्याची अडचण एक नव्हे. त्या विक्रेत्याच्या पगारावर घर चालते. शुल्क कोणी भरले तरी दोन वर्षे चूल कशावर पेटावयाची? कॉलेज दिवसभराचे, संध्याकाळी चार तास दुकानात उभे राहिले तर अर्धाही पगार मिळत नाही. म्हणून अर्जाच्या अखेरीस 'घरच्या अडचणीमुळे शिक्षण सोडले' असे वाक्य आम्ही पुनःपुन्हा वाचतो. मुलींच्या अर्जांत तर ते अधिकच दिसते. वास्तविक, नोंदणी झालेल्या विवाहित स्त्रीस गावातल्या गावात, स्वतःच्या परवान्यावर काम करता येईल असे व्यवसाय किती आहेत?

आमची सूचना अशी की, निधीतून दरवर्षी निदान दोन जणांस, जे किमान तीन वर्षे कोणत्याही दुकानात पगारी नोकर आहेत व ज्यांस पदविकेस प्रवेश मिळाला आहे, शुल्काऐवजी दोन वर्षे दरमहा निर्वाहवेतन द्यावे. ते दान नसावे; नोंदणी झाल्यानंतर तिसऱ्या वर्षापासून बिनव्याजी परत घ्यावे. दोघांपैकी एक जागा भगिनींसाठी असावी. आणि करारात एक अट स्पष्ट लिहावी: आपले प्रमाणपत्र भाड्याने देणाऱ्याकडून सर्व रक्कम एकरकमी वसूल केली जाईल.

आपल्यातील जे औषधविक्रेते येथे बसले आहेत त्यांनी अशा विद्यार्थ्यांस संध्याकाळचे काम व ५०० तासांचे प्रशिक्षण द्यावे, अशी आमची विनंती आहे. आमच्या दुकानापुरती एक जागा आम्ही येत्या जूनपासून राखून ठेवीत आहोत. निर्वाहवेतनाच्या नियमांचा मसुदा चिटणिसांच्या स्वाधीन केला आहे. कार्यकारी मंडळाने तो पुढील बैठकीत चर्चेस घ्यावा.