गर्भाच्या रक्तातील बिंबाणू व त्यांचे नियामक हॉर्मोन



छत्तीसगढ ही धानाची भूमी. त्यामुळे रायपूरच्या श्रोत्यांना एक गोष्ट सहज पटेल. कणगीत धान कमी दिसले, तर मुळात पीकच कमी आले की आलेले पीक उंदरांनी फस्त केले, हे आधी पाहावे लागते. कारण दोहोंवरील उपाय निराळे असतात. अजून जन्मास न आलेल्या बाळाच्या रक्तात बिंबाणू कमी आढळले, म्हणजे डॉक्टरांपुढे नेमका हाच प्रश्न उभा राहतो.

बिंबाणू म्हणजे रक्तातील अतिसूक्ष्म चकत्या. जखमेच्या ठिकाणी त्या एकमेकींना चिकटून रक्तस्राव थांबवितात. निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात त्या सुमारे १.५ ते ४.५ लाख असतात. गर्भारपणाच्या मध्यापासून गर्भाच्या रक्तातही त्यांची संख्या सामान्यतः दीड लाखाहून अधिक असते. ती फार घटली, तर मेंदूत रक्तस्राव होण्याचे भय असते.

अस्थिमज्जेतील महाकाय कोशिकांपासून बिंबाणू बनतात, हे अमेरिकेतील जेम्स होमर राइट यांनी १९०६ मध्ये दाखविले. त्या कोशिकांना चालना देणाऱ्या हॉर्मोनाला १९५८ मध्ये हंगेरीतील संशोधकांनी ‘थ्राँबोपोइटीन’ हे नाव दिले. तो पदार्थ शुद्ध स्वरूपात हाती येण्यास मात्र १९९४ साल उजाडावे लागले.

या हॉर्मोनाचे नियमन मोठे मार्मिक आहे. यकृत ते बहुतांशी एकसारख्या गतीने तयार करते. बिंबाणू व त्यांच्या जनक कोशिका ते शोषून नष्ट करतात. त्यामुळे उत्पादनच खुंटले, तर शोषणारे कोणी उरत नाही आणि रक्तातील हॉर्मोन वाढते. याउलट जनक कोशिका भरपूर असून तयार झालेले बिंबाणू नष्ट होत असतील, तर हॉर्मोनाची पातळी फारशी वाढत नाही.

नाळेतून गर्भाचे रक्त काढण्याची पद्धत पॅरिस येथील फर्नांद दाफॉस यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केली आणि गर्भातील या घडामोडी पाहणे शक्य झाले. काही मातांच्या शरीरात, पित्याकडून आलेल्या बिंबाणूंच्या गुणाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात व ती वारेतून गर्भात शिरतात. अशा गर्भात बिंबाणू अगदी कमी असूनही हॉर्मोन बहुधा सामान्य किंवा किंचितच वाढलेले आढळते. म्हणजे पीक आलेले असते. नाश चाललेला असतो. अर्थातच उपचाराचा रोख प्रतिपिंडांकडे वळतो आणि मातेस शिरेतून इम्युनोग्लोब्युलीन दिले जाते. उलट, हॉर्मोनाचा ग्राहीच जन्मतः सदोष असेल, तर हॉर्मोन अतोनात वाढूनही बिंबाणू तयार होत नाहीत.

नाळेतून रक्त काढणे अशा गर्भास धोक्याचे असते, म्हणून ते आता शक्यतो टाळतात. हॉर्मोनाची मोजणी ही नित्याची तपासणीही नव्हे. तिने दिलेली दृष्टी मात्र मोलाची आहे.

मलेरिया व डेंग्यूच्या प्रदेशात मातेचे बिंबाणू घटले, की ते चटकन लक्षात येते. प्रतिपिंडांच्या या विकारात मात्र मातेची स्वतःची संख्या सामान्य असते. म्हणून बहुधा पहिल्या बाळाच्या अंगावर जांभळे ठिपके उठेपर्यंत कोणासही शंका येत नाही. पुढील गर्भासही हाच धोका असू शकतो. म्हणून त्या ठिपक्यांची नोंद जपून ठेवावी व पुढील गर्भारपणात ती प्रारंभीच डॉक्टरांना दाखवावी. पहिल्या बाळाच्या त्या नोंदीवरच दुसऱ्याचे रक्षण अवलंबून असते.